मुक्कामाला जागा

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष (कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा सूचनाफलकाशेजारच्या भिंतीवर एक रंगीत जाहिरात चिकटवलेली दिसली. तीन दिवस, दोन रात्री. सायकलवरून भटकंती, रानात तंबूत मुक्काम, शेकोटी, दोन वेळचे जेवण, सोबत अनुभवी मार्गदर्शक. शुल्क प्रत्येकी साडेचार हजार रुपये. जाहिरातीतल्या चित्रात एक निळा तंबू होता, आत दिवा लावलेला आणि बाहेर एक सायकल आडवी टेकवलेली. चित्र मोठे देखणे होते. मी बराच वेळ पाहत उभी राहिले.

त्याच संध्याकाळी मी याडीला फोन केला. याडी म्हणजे आमच्या गोरमाटी बोलीत आई. माझी याडी आणि बापू दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ते चैत्रात परत येतात. तेव्हा ती सांगलीकडे एका फडावर होती. तिला मी जाहिरातीची हकीकत सांगितली. ती आधी गप्प राहिली आणि मग मोठ्याने हसली. तिचे बोलणे मराठीत सांगायचे तर असे : "पालात झोपायला पैसे लागतात होय? मग आमचा हिशेब कर की गं. सहा महिने आम्ही इथं झोपतो. मुकादमाला म्हणावं, उचल फिटली, वरचे पैसे दे."

ती विनोद करून मोकळी झाली, पण मी वहीत खरोखरच हिशेब मांडला. दोन रात्रींचे साडेचार हजार, म्हणजे एका रात्रीचे सव्वादोन हजार. एकशे ऐंशी रात्रींचे चार लक्ष पाच हजार, आणि याडी-बापू दोघांचे मिळून आठ लक्ष दहा हजार. एका कोयत्याला मिळणारी उचल त्यापुढे कुठल्या कुठे राहते. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसांना एकच कोयता.) हिशेब खोटा आहे हे मला कळते. जाहिरातवाला जेवण देतो, सायकल देतो, सुरक्षितता देतो. तरीही त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. उघड्यावर रात्र काढणे ही एकाची मौज ठरते आणि दुसऱ्याचा गुन्हा ठरतो, हे कशामुळे? प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

मित्रहो, सुरुवातीलाच एक सांगून टाकते. हा लेख सायकल-सहलींच्या विरोधात नाही. ज्या सायकलवर मी हे सारे शिकले ती मला आठवीत असताना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळाली. तांड्यापासून शाळा चार किलोमीटर. सायकल आली नसती तर माझे शिक्षण सातवीला संपले असते, आणि आज मी याडीच्या मागे मोळ्या बांधत असते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे सायकलीची निंदा माझ्या लेखणीतून होणार नाही. उलट माझे म्हणणे असे, की सायकलवर बसून चार मुक्काम केल्याशिवाय आपला जिल्हा आपल्याला कळत नाही. एस. टी.च्या खिडकीतून गाव मागे पळत जाते. सायकलवर मात्र ते समोर येते, थांबवते आणि विचारते, "कुठले गं तुम्ही?"

आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले, आणि त्यांतले तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी 'भारत जोडो'ची हाक दिली आणि कन्याकुमारीहून काश्मीरकडे तरुण-तरुणींच्या सायकली निघाल्या. अगदी अलीकडचे उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे. जुलै २०१८ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील पर्थहून एकटी निघाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, म्हणजे आज मी आहे त्याच वयाची. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून डिसेंबरात तिने कोलकात्याला प्रवास संपवला. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले. तरी ती थांबली नाही.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. सायकलवरचा प्रवासी रोज संध्याकाळी परक्या मुलखात असतो. मोटारवाल्यासारखा तो पुढच्या शहरातले लॉज गाठू शकत नाही. पायांत जेवढे बळ तेवढीच त्याची मजल. सूर्य कलला की त्याला एकच काळजी पडते, ती मुक्कामाला जागा मिळेल का याची. सायकल-प्रवासाचे निम्मे शास्त्र याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ते उत्तर शोधण्याची संधी आम्हांला जानेवारीत मिळाली. साडेचार हजार देणे शक्य नव्हते. तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या आम्ही चार मुली, दोन मुले आणि आमच्या एक प्राध्यापिका, असे सात जण आपापल्या सायकली घेऊन निघालो. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर आणि लातूर असा रस्ता ठरला. दोन मुक्काम करायचे. सामान म्हणजे पोटमाळ्यावरची एक ताडपत्री, चादरी, भाकरी-चटणी, आणि पंक्चर काढायचे साहित्य. बापूंनी फोनवर आधी नकारच दिला. "मुलीच्या जातीनं रात्री उघड्यावर?" असे ते म्हणाले. मी म्हटले, "बापू, माझा जन्म कोपीत झाला. तेव्हा नाही विचारलंत ते?" पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "मॅडम सोबत हायत का?" आणि परवानगी मिळाली. असे उत्तर दिल्याचे मला पुढे वाईट वाटले. पण त्या उत्तरात खोटे काही नव्हते.

पहिल्या दिवशी माळेगाव यायच्या आधीच ऊन उतरले. वाटेतल्या एका गावात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात झोपू का, असे विचारले. शाळेची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गावी नव्हते. देवळात विचारले तर चार माणसे जमली. कुठल्या, कुणाच्या, मुली-मुलं एकत्र कशी, आधार कार्ड दाखवा. मॅडमनी ओळखपत्र दाखवले, महाविद्यालयाचे पत्र दाखवले. त्यातल्या एकाने माझे आडनाव वाचले आणि शेजारच्याकडे पाहिले. मग, "इथं नाही जमायचं, पुढं बघा," असे उत्तर मिळाले. सगळ्यांना वाटले की मुली असल्यामुळे नकार आला. तसेही असेल. मला मात्र ते पाहणे ओळखीचे होते.

शेवटी माळेगावाच्या अलीकडे एका शेतकरी काकांनी विहिरीजवळची जागा दिली. "झोपा बिनघोर. मी आखाड्यावरच हाय," असे म्हणाले. आणि इथे आमच्या हातून जी चूक घडली ती लपवणे बरे नव्हे. थंडी होती म्हणून आम्ही बांधाच्या कडेला शेकोटी पेटवली. दहा मिनिटांत काका ओरडत धावत आले. वीस पावलांवर त्यांच्या जुन्या कडब्याची गंजी होती आणि वारा तिकडेच होता. आमच्यापैकी एकाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते. वर्षभराची वैरण एका ठिणगीसरशी गेली असती. काकांनी स्वतः पाणी ओतले, रागावले, आणि मग घरातून दोन घोंगड्या आणून दिल्या. त्या रात्री मला नियमांचे महत्त्व पटले. रानात झोपण्याचा हक्क मागणाऱ्याने आधी गंजी कुठे आहे ते पाहिले पाहिजे.

सहलीहून परतल्यावर मी ग्रंथालयात बसून आणि आमच्या राज्यशास्त्राच्या सरांना विचारून कायदा काय म्हणतो ते समजून घेतले. ते थोडक्यात असे. अभयारण्यात परवानगीवाचून कुणालाही शिरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम २७ तसे सांगते, आणि कलम ३० प्रमाणे तिथे आग लावणे निषिद्ध आहे. आपल्याकडे नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत पसरलेले पैनगंगा अभयारण्य आहे. माहूर-किनवटकडे सायकलने जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. राखीव जंगलाला १९२७ चा वन अधिनियम लागतो. त्यातही विनापरवाना शिरणे आणि विस्तव करणे गुन्हा आहे. या बंधनांविषयी माझी तक्रार नाही. सागाच्या वाळल्या पानांत पडलेली विडी काय करते ते किनवटकडच्या माणसाला विचारावे. शेत खाजगी असेल तर मालकाची संमती हवी, हेही रास्तच.

सहली काढणाऱ्यांसाठीही नियम झाले आहेत. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण काढले. भूमी, जल आणि हवा या तिन्ही ठिकाणी असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, सुरक्षिततेचे नियम पाळावेत, असे त्यात आहे. त्याच वर्षी चाकांवरच्या घरातून, म्हणजे कॅराव्हॅनमधून, फिरणाऱ्या पर्यटकांसाठीही शासनाने धोरण आणले. म्हणजे पैसे भरून बाहेर झोपणाऱ्याची शासनाला आठवण आहे.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यात, आवारात वा अन्य जागी पडून असलेला किंवा रेंगाळणारा, चोर म्हणून कुख्यात असलेला माणूस आपण तिथे का आहोत हे समाधानकारकपणे सांगू शकला नाही, तर तो त्या कलमात सापडतो. 'समाधानकारक' कशाला म्हणायचे ते विचारणारा ठरवतो. पाठीवर रंगीत पिशवी आणि डोक्यावर शिरस्त्राण असेल तर "सहलीला निघालोय" एवढे सांगून समाधान होते. डोक्यावर गाठोडे आणि काखेत पोर असेल तर समाधान व्हायला वेळ लागतो.

हे आजचे नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि भटकणाऱ्या कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. नाव नोंदवा, हजेरी द्या, मुक्काम हलवायचा तर पास घ्या, असा तो कारभार होता. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, त्या जमाती विमुक्त झाल्या. माझ्या जातीच्या दाखल्यावर आजही 'विमुक्त जाती' असे लिहिलेले असते. वर्गात कुणी त्याचा अर्थ विचारला तर मला हेच सांगावे लागते, की सुटका झालेली म्हणून ती विमुक्त.

वास्तविक मुक्कामाचे शास्त्र आमच्या पूर्वजांइतके कुणाला ठाऊक होते? बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. त्याला 'लदेणी' म्हणत. आगगाडी आली आणि लदेणी बुडाली. माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेले सांगायची. तांड्याचा नायक पुढे जाऊन जागा हेरायचा. पाणी जवळ पाहिजे, पण पाणवठ्यावर मुक्काम नको, कारण गावची गुरे बुजतात. पेरलेल्या रानात बैल सोडायचे नाहीत. गावच्या पाटलाला आधी निरोप धाडायचा. निघताना चुलीवर पाणी ओतून माती लोटायची. आज शहरातले मार्गदर्शक जे नियम छापील कागदावर देतात ते यापेक्षा वेगळे नाहीत. ज्यांनी ते नियम शेकडो वर्षे पाळले, त्यांचीच पाले मात्र संशयाची ठरली.

आणि संशयाची किंमत किती असते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेसाठी फिरणारे, पाले टाकून उतरलेले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. वर वेदांगी कुलकर्णीचा उल्लेख केला. तिचा प्रवास त्याच जुलै महिन्यात सुरू झाला. महिना एकच होता. एक मराठी मुलगी एकटी तंबू घेऊन जगभर निघाली याचे आपण कौतुक केले, आणि ते योग्यच होते. त्याच महिन्यात आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलणारी पाच माणसे परक्या गावात दिसली म्हणून मेली. दोन्ही बातम्या एकाच वर्तमानपत्रात येऊ शकतात, याची मला भीती वाटते.

पण आपल्याच भागात वेगळेही उदाहरण आहे. माळेगावची खंडोबाची जत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मार्गशीर्षात तिथे माळरानावर एक शहरच उभे राहते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार भरतो. वैदू, घिसाडी, गोसावी, जोशी अशा कितीतरी समाजांची पाले शेजारी शेजारी पडतात. कुणी कुणाला "इथे का झोपलास?" असे विचारत नाही. आम्ही गेलो तेव्हा जत्रा उठून गेली होती. माळावर नुसत्या चुलींचे दगड आणि खुंट्यांची भोके होती. ते पाहून मला वाटले, जे माळेगावला काही दिवस चालते ते बाकीच्या वर्षात का चालू नये? त्या दिवसांत तिथे पाणी असते, दिवे असतात, बंदोबस्त असतो, म्हणून ते चालते. म्हणजे व्यवस्था केली की उघड्यावरचा मुक्काम कुणाला खुपत नाही.

दुसरा मुक्काम चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथच्या परिसरात झाला. तिथले बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे आम्ही आधी फोन करून ठेवला होता, त्यामुळे जागा मिळाली आणि गरम पिठलेही मिळाले. एक फोन आधी गेला तर दारे कशी उघडतात ते त्या रात्री समजले. लातुरात ज्यांच्या घरी शेवटी उतरलो त्या आजी म्हणाल्या, "तुम्ही हौसेनं बाहेर झोपता गं. आम्ही भूकंपानंतर घरात जायला भ्यायचो. कितीक महिने अंगणात झोपलो." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले त्यानंतर या जिल्ह्यातली माणसे, गरीब-श्रीमंत सगळी, आभाळाखाली होती. तेव्हा कुणी कुणाचे आडनाव वाचले नसेल.

परदेशांत या प्रश्नाचा विचार बराच झाला आहे. नॉर्वेत १९५७ पासून कायदाच आहे. न कसलेल्या मोकळ्या रानात कुणीही तंबू ठोकावा, मात्र घरापासून दीडशे मीटर दूर, आणि संमतीशिवाय दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. स्कॉटलंडने २००३ साली जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला असा हक्क दिला. पण लॉक लोमंड सरोवराकाठी गर्दी आणि कचरा वाढला तेव्हा २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर या काळात तिथल्या काही भागांत परवाना लागू केला. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकण्याचा हक्क आहे की नाही, यावर जमीनमालक न्यायालयात गेले. मे २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हक्क आहे.

हे सारे उचलून आपल्याकडे आणावे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे मोकळे रान उरले आहे कुठे? नांदेड-लातूरकडे जमीन म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा. जिथे पीक नाही तिथे गायरान, आणि गायरानावर आधीच दहा जणांचा डोळा. रात्री रानडुक्कर येते म्हणून शेतकरी जागलीला असतो. अंधारात कुणी हलले की त्याच्या हातात काठी असते. शिवाय मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. आमच्यासोबत मॅडम नसत्या तर त्या पहिल्या गावातून आम्ही निघालो ते कोणत्या मनःस्थितीत, ते मलाच ठाऊक. आमचे एक सर म्हणाले, "म्हणूनच मार्गदर्शक आणि नोंदणीकृत संस्था हवी. तुम्ही पोरे शेकोटी कुठे पेटवता ते पाहिले ना?" सरांचे म्हणणे मला मान्य आहे. मार्गदर्शक हवाच. माझा प्रश्न एवढाच, की तो कुठला असावा?

शहरातून आलेल्या मार्गदर्शकाला दोरीच्या गाठी आणि प्रथमोपचार चांगले ठाऊक असतील. पण कोणत्या ओढ्याला जानेवारीत पाणी राहते, कोणत्या बांधावर घोणस निघते, कोणत्या देवळात मुलींना झोपू देतील, हे तांड्यावरच्या आणि वाडीवरच्या पोरांना ठाऊक आहे. त्यांना प्रथमोपचार शिकवता येईल. शहरातल्याला पाणवठा शिकवायला दहा वर्षे लागतील. शासनाच्या धोरणात नोंदणी आहे, प्रशिक्षण आहे, मग ते प्रशिक्षण किनवटला, कंधारला, उदगीरला का येऊ नये? ऊसतोडीला जाणाऱ्या दोन पोरांनी जरी त्यावर हिवाळ्यात पोट भरले, तरी दोन कोयते कमी होतील.

केवळ तक्रार करून थांबणे विद्यार्थ्याला शोभत नाही. म्हणून जे आपल्या हातात आहे ते मांडते.

पहिली गोष्ट, आपल्या महाविद्यालयाचे सायकल मंडळ असावे. दोन-तीन तंबू, एक पंप, एक औषधाची पेटी. ग्रंथालयातून पुस्तक नेतो तसे हे साहित्य नाव लिहून न्यावे, आठ दिवसांत परत करावे. ज्याच्याकडे साडेचार हजार नाहीत त्यालाही जिल्हा पाहता यावा.

दुसरी गोष्ट, आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी एखाद्या गावात सात दिवस होतात. त्या शिबिरात रस्ता आणि शोषखड्डा आपण करतोच. त्यासोबत गावाला एक मुक्कामाची जागा करून द्यावी. शाळेमागची किंवा ग्रामपंचायतीजवळची साफ केलेली मोकळी जमीन, एक नळ, एक दिवा, शौचालयाची सोय, दगडांनी आखलेली चूल आणि एक वही. जो येईल त्याने वहीत नाव, गाव, माणसे किती आणि किती रात्री ते लिहावे. राईनपाड्याला पंचायतीच्या खोलीत माणसे मेली. त्याच पंचायतीच्या दारात परक्या माणसाचे नाव सन्मानाने लिहिले जाईल अशी पद्धत पाडता येईल. नाव लिहिलेला माणूस अफवेत बसत नाही.

तिसरी गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ही वही सर्वांसाठी एकच असावी. सायकलवरचा विद्यार्थी, पंढरीला निघालेला वारकरी, पालवाला, फडाकडे निघालेली ऊसतोड्यांची गाडी, सगळ्यांनी त्याच वहीत लिहावे, त्याच नळाचे पाणी प्यावे, आणि सगळ्यांना नियमही तेच असावेत. चूल आखल्या जागीच, कचरा बरोबर न्यायचा, पिकात पाय नाही, जंगलात परवानगीशिवाय नाही. सायकलवाल्याला सवलत नको आणि पालवाल्यावर पहारा नको.

काही जण म्हणतील, गाव हे मानणार नाही. कदाचित पहिल्या वर्षी मानणारही नाही. पण ज्या काकांनी आम्हांला रागावून घोंगड्या दिल्या ते गावातलेच होते. त्यांच्यासारखा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याच्यापर्यंत पोचणे हे आपले काम आहे.

चैत्रात याडी आली तेव्हा मी तिला आमच्या सहलीची सारी हकीकत सांगितली. गंजीची गोष्ट सांगितल्यावर ती चांगलीच संतापली. "वारा बघत नाहीस? मी तुला एवढंबी शिकवलं नाही?" असे म्हणाली. खरेच शिकवले नव्हते. ती सहा महिने बाहेर आणि मी वसतिगृहात, शिकवणार कधी? यंदा सुट्टीत तिच्याकडून चूल कुठे मांडायची, पाल कुठल्या दिशेने बांधायचे, आणि गावात शिरून आधी कुणाला हाक मारायची, हे सगळे मी वहीत लिहून घेतले आहे. सायकल मंडळ निघाले तर त्याचे पहिले व्याख्यान तिचे ठेवावे, अशी माझी प्राचार्यांना नम्र विनंती आहे. मात्र ते चैत्रानंतर ठेवावे लागेल. त्याआधी ती फडावर असते.